तारण: सासू

स्टेशन रस्ता, नाशिक रोड
१३ जानेवारी १९८०

सन्माननीय पगारेसाहेब,

सप्रेम जयभीम.

कुर्ल्याला माझ्या बहिणीच्या घरी आपली भेट झाली, त्याला आता आठवडा होईल. आमची लता आपल्याकडे पसंत आहे, हा निरोप बहिणीकडून कळला. इकडे लताला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." जी मुलगी शाळेत वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प करते आणि घरी मी आणलेली भाजी बाजारात परत पाठवते, ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते, याचा अर्थ आपला धम्मपाल तिला फारच आवडलेला आहे. तेव्हा साखरपुडा फेब्रुवारीत आमच्या घरी उरकून टाकू.

त्या दिवशी गर्दीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून माझी ओळख मीच करून देतो. स्टेशनच्या फाटकाशी स्टोव्हच्या पिना आणि वाती विकत मी मोठा झालो. आज मिक्सर, पंखे, शिलाई मशीन यांचं स्वतःचं दुकान आहे. शिवाय आम्ही काही दुकानदार, प्रेसमधले कामगार आणि शिक्षक यांनी मिळून 'कष्टकरी मित्र नागरी सहकारी बँक' काढली, तिचा मी चेअरमन. बँक लहान आहे. मोठ्या बँकेच्या दारात आपल्या माणसाला रखवालदार अडवतो. आमच्याकडे रखवालदारच नाही. बायकांना घरातल्या वस्तू घ्यायला आम्ही कर्ज देतो, आणि आजवर एकही हप्ता बुडालेला नाही.

याचं गुपित कागदात नाही, कानात आहे. सून कर्ज मागायला आली, की मी तिच्या घरी चहाला जातो आणि सासूचं बोलणं ऐकतो. सासू "आमचा मिक्सर" म्हणाली, की कर्ज मंजूर. "तिचा मिक्सर" म्हणाली, की अर्ज परत. पुढे आम्ही तसा रिवाजच पाडला. सुनेच्या कर्जाला सासूने बँकेत यायचं आणि चार माणसांत मोठ्याने "मी भरीन" म्हणायचं. हप्त्याच्या तारखेला आमचा वसुली अधिकारी त्या घरातच बसलेला असतो. त्याला पगार द्यावा लागत नाही.

आपण रिझर्व्ह बँकेत आहात, एवढंच बहीण म्हणाली. नेमकं काम काय, ते तिला सांगता आलं नाही. नोटा आमच्याकडे नाशिक रोडला छापतात आणि तिकडे तुम्ही त्या सांभाळता. सोयरीक व्हायला आणखी काय हवं?

आपला,
पुंजाराम गांगुर्डे

---

चेंबूर, मुंबई
२१ जानेवारी १९८०

श्री. पुंजाराम गांगुर्डे यांस,

सप्रेम जयभीम.

आपले पत्र मिळाले. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यापर्यंत वाचून फार आनंद झाला.

मी नोटा सांभाळत नाही. नागरी सहकारी बँकांची तपासणी करणाऱ्या विभागात मी अधिकारी आहे. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या ठेवी बँक कोणाला आणि कशाच्या आधारावर कर्जाऊ देते, हे पाहणे माझे काम. पुढील महिन्यात ज्या बँका माझ्याकडे आहेत, त्यांत आपल्या बँकेचे नाव आहे.

मी लगेच वरिष्ठांना लेखी कळवले, की या बँकेच्या चेअरमनशी माझी सोयरीक होऊ घातली आहे, तरी हे काम दुसऱ्या कोणास द्यावे. त्यांनी विचारले, "साखरपुडा झाला का?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग अजून तुमचा संबंध काय? माणसं कमी आहेत. जा."

तरी साखरपुडा तपासणी पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलावा. नाशिक रोडला मी लॉजवर उतरेन. बँकेत असताना कोणाकडूनही काहीही घेणार नाही. आणि यापुढील पत्रांत बँकेचा उल्लेख नसावा.

सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, लता फार आवडली आहे. ही बाब विभागाशी संबंधित नसल्याने लिहिण्यास हरकत नाही.

आपला,
सावळीराम पगारे

---

नाशिक रोड
२७ जानेवारी १९८०

प्रिय सावळीरामभाऊ (आता साहेब म्हणत नाही),

जयभीम.

आपलं पत्र मी बँकेत मोठ्याने वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. तपासणीला आपलाच माणूस येतोय, यासारखं भाग्य कुठल्या बँकेला मिळतं?

शेवटी ज्या चार सूचना केल्यात, त्या आम्ही बरोबर समजलो. वरिष्ठ पत्रं पाहत असणार, म्हणून असं लिहून ठेवावं लागतं. मानलं तुम्हाला. आम्हीही आता बँकेचा उल्लेख करत नाही. तर, त्या 'ठिकाणी' आपल्यासाठी खिडकीजवळ टेबल लावलंय. पंखा नवा बसवलाय. आमचा म्हातारा शिपाई झिपरू खास आपल्यासाठी गवती चहा शोधून ठेवणार आहे. घरी चिमणाबाई मांडे करणार. ती रोज मांडे करणारी बाई नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला चारदा मिळाले.

लॉजची काळजी करू नका. इथला लॉजवाला माझं गिऱ्हाईक आहे. त्याला सांगून ठेवलंय, पगारेसाहेब आले की खोली शिल्लक नाही म्हणायचं. म्हणजे तुम्हाला आमच्या घरी उतरावंच लागेल आणि वरिष्ठांना सांगायला कारणही होईल.

आपला,
पुंजाराम

---

[पोस्टकार्ड]

मुंबई, २ फेब्रुवारी १९८०

श्री. गांगुर्डे यांस,

माझ्या सूचना मी ज्या अर्थाने लिहिल्या, त्याच अर्थाने वाचाव्यात. दुसऱ्या लॉजवर खोली घेतली आहे. नाव कळवत नाही.

सा. पगारे

---

नाशिक रोड
२० फेब्रुवारी १९८०

मा. तपासणी अधिकारी साहेब यांस,

जयभीम.

आपण तपासणी करून गेलात, पण आमचा झिपरू अजून सावरलेला नाही. जन्मभर त्याने कचेऱ्यांतून चहा दिला. एकाही साहेबाने कप परत पाठवला नव्हता. पहिल्या दिवशी आपण "नको" म्हणालात, तेव्हा त्याला वाटलं साखर जास्त झाली. दुसऱ्या दिवशी त्याने बिनसाखरेचा आणला. मग नुसतं दूध. मग लिंबाचं सरबत. शेवटी त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "चेअरमनसाहेब, यांना पोटाचा काही आजार हे का? आमच्या पेठ तालुक्याच्या बाजूला एक झाडपाल्याचा माणूस हे."

बरं, तपासणी करायला आमची ना नव्हती. तुम्ही कर्जाचा पहिला अर्ज उघडलात. 'तारण' असं छापलंय, त्यापुढे आमच्या मॅनेजरने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: सासू. तुम्ही चष्मा काढून पुसलात. दुसरा अर्ज: सासू. तिसरा: सासू. पुढे एकावर 'आजेसासू' आलं, तेव्हा तुम्ही मान वर केलीत.

"हे काय?"

मॅनेजर म्हणाला, "सासू वारली साहेब. बदली तारण घेतलं."

नेमकी तेव्हाच अक्काबाई हप्ता भरायला आली. ही स्टेशनबाहेर भाजी विकते. तिच्या सुनेच्या शिलाई मशीनला तिने शब्द दिलाय. टोपली दारात ठेवून ती सरळ तुमच्या टेबलाशी आली.

"ह्येच का मुंबईचे साहेब? काय बघून राह्यले?"

तुम्ही म्हणालात, "कर्जाला तारण काय आहे, ते."

"मी हाय ना."

"बाई, तारण म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला जप्त करता येईल अशी वस्तू."

"मंग करा मला जप्त. सून पेढं वाटंल."

सगळी बँक हसली. तुमची मिशीही हलली, मी पाहिलं. आणि लगेच तुम्ही पेन उचलून लिहायला लागलात.

इथपर्यंतही मी काही मनाला लावून घेतलं नाही. पण शेवटच्या दिवशी दुपारी वीज गेली, पंखा बंद पडला, आणि तुम्हाला खोकल्याची उबळ आली. मी स्वतः उठलो, माठातलं पाणी घेतलं आणि पेला तुमच्यापुढे धरला. दहा माणसांदेखत तुम्ही "नको" म्हणालात. पिशवीतून स्वतःची बाटली काढलीत आणि तिचं पाणी प्यायलात.

पगारेसाहेब, आमच्या हातचं पाणी न घेणारे मी लहानपणी गावात पुष्कळ पाहिले. त्यांचा राग यायचा, नवल वाटायचं नाही. त्या दुपारी मला नवल वाटलं.

लग्नाचं काय ते स्पष्ट कळवा. लता काही विचारत नाही. पण मी आणेन ती भाजी हल्ली मुकाट्याने निवडते. हे लक्षण बरं नाही.

पुंजाराम गांगुर्डे

---

चेंबूर, मुंबई
१ मार्च १९८०

श्री. गांगुर्डे यांस,

सप्रेम जयभीम.

आपले पत्र मी तीनदा वाचले. त्यातील बँकेच्या मजकुराला उत्तर देता येत नाही. पाण्याच्या मजकुराला देतो.

आमच्या विभागात आपल्या समाजातून आलेला मी पहिला. दुसऱ्या कोणी तपासणीत चहा घेतला, तर लोक म्हणतात, अमक्या साहेबांनी चहा घेतला. मी घेतला, तर म्हणतील, यांचं असंच असतं. त्या 'यांचं'मध्ये मी एकटा नसतो. आपणही असता, उद्या माझ्या जागी येणारा आपला एखादा मुलगाही असतो. म्हणून नोकरीला लागल्यापासून मी स्वतःची बाटली बाळगतो. साखर कारखानदारांच्या बँकांतून चांदीच्या पेल्यातले पाणी पुढे आले, तेव्हाही हीच बाटली काढली. तेव्हा अवघड गेले नाही. आपण पेला धरलात, तेव्हा माझा हात टेबलावरून उचलला गेला होता. आपण माझ्या तोंडाकडे पाहत होता, म्हणून तो आपल्याला दिसला नाही.

लग्न मोडावे अशी या घरात कोणाचीही इच्छा नाही. मात्र एक अडचण निघाली आहे. वरिष्ठ आता म्हणतात, ज्या बँकेचा चेअरमन तुमचा व्याही, तिचे कागद तुमच्या टेबलावरून जाता कामा नयेत. आणि नाशिक जिल्ह्याचे सगळे कागद माझ्याच टेबलावरून जातात. मार्ग निघेल. थोडा अवधी द्यावा. कोणता मार्ग, ते विचारू नये.

आपला,
सावळीराम पगारे

---

नाशिक रोड
१८ मे १९८०

प्रिय सावळीरामभाऊ,

जयभीम.

पाण्याची गोष्ट मी मनातून काढून टाकली. तुमचं पत्र चिमणाबाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "दोघंबी शहाणे. मधल्या मधी पोरगी वाळून चालली." एवढं बोलून ती उठली, आणि तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुमचा अहवाल आला. उल्लेख करू नका म्हणाला होतात, पण मी चेअरमन आहे, उल्लेख नाही केला तर करू काय? त्यात लिहिलंय: 'तारण म्हणून नमूद केलेली बाब (सासू) ग्राह्य धरता येत नाही. सदर बाब बँकेची सभासद नाही, तिच्या उत्पन्नाचा पुरावा नाही, व तिचा ताबा बँकेकडे नाही.'

भाऊ, तिचा ताबा सासऱ्याकडेही नाही.

ही दुरुस्ती होईपर्यंत अशी नवी कर्जं बंद. ऐन मे महिना आहे. दुकानात पंखे पडून आहेत, आणि बायका बाहेरून बघून, पदराने वारा घेत निघून जातात.

दुसरा दोष तुम्ही असा काढलात, की कर्जावर घेतलेल्या झाडून सगळ्या वस्तू एकाच दुकानातून आल्यात आणि ते दुकान चेअरमनचं आहे. हे वाचून मी दिवसभर तुम्हाला शिव्या दिल्या. मिक्सर बिघडला तर मालक स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी येतो, असं दुसरं दुकान दाखवा म्हटलं. मग रात्रीचं जेवण झाल्यावर एक विचार मनात आला. एखादी बाई म्हणाली असती, कर्ज द्या पण पंखा मी समोरच्या दुकानातून घेणार, तर मी काय म्हणालो असतो? माझं उत्तर मलाच आवडलं नाही. हे कुणाला सांगू नका.

आता एवढंच विचारतो. सासू ग्राह्य कशी करायची?

आपला,
पुंजाराम

---

मुंबई
२६ मे १९८०

श्री. गांगुर्डे यांस,

सप्रेम जयभीम.

मी सल्ला देऊ शकत नाही. छापील नियम कोणालाही वाचता येतात. जामीनदार बँकेचा सभासद असावा, त्याला स्वतःचे उत्पन्न असावे, आणि सही किंवा अंगठा करून त्याने जबाबदारी पत्करावी, असे त्यात आहे. जामीनदार स्त्री असू नये किंवा सासू असू नये, असे कोठेही म्हटलेले नाही.

मी दोनदा पाहिले.

आपला,
सावळीराम पगारे

---

नाशिक रोड
५ ऑक्टोबर १९८०

प्रिय सावळीरामभाऊ,

जयभीम.

बातमी वाईट आहे. बसून वाचा.

तुम्ही न दिलेला सल्ला आम्ही मानला. पावसाळाभर एकेका सासूच्या उत्पन्नाचा शोध घेतला. सासूला उत्पन्न नसतं, हा समज सुनांनी पसरवलेला आहे. एक घरी पापड करून स्टेशनवरच्या दुकानांना घालते. एकीला नवऱ्यामागे प्रेसची पेन्शन आहे. एकीने दोन म्हशी पाळल्यात आणि घरात सांगते की दूध पुरत नाही. अक्काबाईचं उत्पन्न पाहून तर आमच्या मॅनेजरचा चेहरा पडला. ते त्याच्या पगारापेक्षा जास्त निघालं.

या सगळ्यांना सभासद करायचं ठरलं. मॅनेजर म्हणाला, "साहेब, नाममात्र सभासद करू. जामीन राहता येतं, मत राहत नाही." मी म्हणालो, "बिनमताची सासू आणायची कुठून? बँकेचे शेअर घेऊ दे त्यांना. पूर्ण सभासद करा." फुशारकी मारायची ही माझी जुनी खोड.

गेल्या रविवारी वार्षिक सभा झाली. दरवर्षी तीसेक माणसं येतात, चिवडा खातात, मी निवडून येतो, घरी जातात. यंदा शाळेचा हॉल सासवांनी भरला. मागे उभं राहायला जागा नव्हती. मी अहवाल वाचायला उठलो, तर अक्काबाई म्हणाली, "खाली बसा भाऊ. आधी एक इचारायचंय."

"विचारा की."

"मिक्सर कोन इकतं?"

"मी."

"त्याला कर्ज कोन देतं?"

"बँक."

"बँकेचा चेअरमन कोन?"

मी अहवालाची पानं चाळायला लागलो.

"अन् मिक्सर जळाला तर? हप्ता कुनी भरायचा? आमी. म्हंजे मिठाई खायला तुमी, अन् दात दुखायला आमी. भाऊ, तुमी मानूस लय चांगले हाय, दुकानबी चांगलं हाय. दोन्हीतलं कंचं बी एक धरा. आमी दुसरं सांभाळतो."

काय टाळ्या पडल्या! मी बँकेत तुमचं पत्र वाचलं होतं, तेव्हा त्याच्या निम्म्याही पडल्या नव्हत्या. माझ्या बाजूने कोण आहे, म्हणून मी चिमणाबाईला गर्दीत शोधलं. ती अगदी मागे बसली होती. तिचा हात कुणासाठी वर गेला, ते दिसलं नाही.

तर मी पडलो. संचालक मंडळात आता पाच सासवा आहेत आणि अक्काबाई चेअरमन. तिचा पहिला हुकूम असा, की वस्तू कुठल्याही दुकानातून घ्या, पण तीन दुकानांचे भाव आणल्याशिवाय कर्ज नाही. माझा भाव कमी निघाला म्हणून गिऱ्हाईक टिकलंय. तो कमी निघावा म्हणून मला किती झिजावं लागलं, ते विचारू नका.

मी आता कुठल्याच बँकेचा कोणीही नाही. हे तुमच्या वरिष्ठांच्या कानावर घालायला हरकत नसावी.

आपला,
पुंजाराम

---

मुंबई
१२ ऑक्टोबर १९८०

प्रिय पुंजारामभाऊ,

सप्रेम जयभीम.

आपल्या पराभवाचे वृत्त वरिष्ठांना लेखी कळवले. त्यांनी शेरा मारला: 'हरकत नाही.' हे दोन शब्द मिळवण्यास आठ महिने लागले.

रविवार, २ नोव्हेंबर रोजी आम्ही सातजण साखरपुड्यासाठी आपल्या घरी येत आहोत.

एक विचारू का? नाममात्र सभासदाला मत नसते, हे आपल्याला मॅनेजरने सांगितले होते. स्टोव्हच्या पिना विकून दुकान उभे केलेला माणूस अशा ठिकाणी फुशारकीने फसेल, हे मला पटत नाही. मुलांसाठी आपण मुद्दाम पडलात, असा माझा संशय आहे. तसे असल्यास मी आपला ऋणी आहे.

आपला,
सावळीराम

---

चेंबूर
१६ ऑक्टोबर

चिमणाबाई वहिनींना सुमनचा जयभीम.

हे पत्र लताच वाचून दाखवणार. लता, आधी दार लाव.

वहिनी, तुमच्यापुढे हात टेकले. भर पावसात घरोघर फिरून "यंदा आमच्या मालकाला पाडा" असं सांगायचं, ही साधी गोष्ट नाही. अक्काबाईंकडून भाषण म्हणे तीन वेळा म्हणवून घेतलंत. लताने लिहिलं होतं त्यात मिठाई आणि दात नव्हते, ते त्यांनी आयत्या वेळी पदरचे घातले, असं धम्मपाल सांगत होता. त्याला हल्ली दर महिन्याला नाशिकला ऑफिसचं काम निघतं. त्याच्या ऑफिसची नाशिकला शाखा नाही, हे त्याचे वडील सोडून सगळ्या चाळीला ठाऊक आहे. तिकडच्या जेवणाने अंगावर भरलाय पोरगा.

आता आमच्याकडचं ऐका, पण गांगुर्डेभाऊंना कळू देऊ नका. "मार्ग निघेल" असं जे यांनी लिहिलं होतं ना, तो मार्ग म्हणजे बदली. नागपूरला जाण्याचा अर्ज टाइप करून पिशवीत ठेवला होता. म्हणजे नाशिकचे कागद दुसऱ्याकडे जातील आणि लग्न होईल. इतक्या वर्षांचं टेबल सोडून हा माणूस निघाला होता, आणि मला काय सांगतो, "तिकडची हवा बरी असते." नागपूरची! मी तो अर्ज काढून गव्हाच्या डब्यात टाकला. त्यांनी दुसरा केला. तोही डब्यात टाकला. रोज पिशवी उलटी करून बघायचे आणि मला विचारायचे नाहीत.

दोन तारखेला आम्ही येतोय. हे दोघं एकमेकांना मोठेपणा देत बसतील. बसू देत. आपण पानं वाढून घेऊ.

तुमची,
सुमन

---

नाशिक रोड
२० ऑक्टोबर १९८०

प्रिय सावळीरामभाऊ,

जयभीम.

सोबतचं पत्र पोस्टमनने चुकून दुकानात दिलं. माझ्या नावाचं नव्हतं, पण पाकिटाला डिंक कमी होता. आत 'दार लाव' लिहिलेलं होतं, म्हणून मी शटर अर्धं ओढून घेतलं.

तुम्ही मला मोठा केलात, तर खरं सांगून टाकतो. मी मुद्दाम पडलो नाही. मला निवडून यायचं होतं. नवा कोटही शिवला होता. हरलो तेव्हा मी अक्काबाईला दोष दिला, सासवांना दिला, तुमच्या अहवालालाही दिला. आणि रोज संध्याकाळी घरी येऊन जिच्यापुढे रडगाणं गायचो, तिनेच मला पाडलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "जाऊ द्या. माणसं अशीच." राग यायला हवा होता. दुकानात एकटाच इतका हसलो, की समोरचा दुकानदार बघायला आला.

नागपूरचंही वाचलं. त्याबद्दल समोरासमोर मला बोलता येणार नाही, आणि इथे लिहिताही येत नाही. तेव्हा ते राहू द्या.

पत्र वाचून उलट टपालाने पाठवा. पाकीट पुन्हा चिकटवून चिमणाबाईच्या हातात द्यायचं आहे. आपण दोघांनी हे वाचलेलं नाही. साखरपुड्याला तुम्ही माझे आभार माना, मी नम्रपणे नको नको म्हणेन. बायकांचा विरस व्हायला नको.

आपला,
पुंजाराम

---

[पोस्टकार्ड, पाकिटात घालून]

मुंबई, २४ ऑक्टोबर १९८०

प्रिय पुंजारामभाऊ,

जयभीम.

आपण पाठवलेले, व मी न वाचलेले, पत्र परत पाठवत आहे. आभार मानण्याची सूचना मान्य.

त्या पत्रातील एक तपशील अपुरा आहे, तो नोंदीसाठी कळवतो. गव्हाच्या डब्यातील दोन्ही अर्ज नागपूरचे होते हे खरे. तिसरा मी कार्यालयातच टाइप करून तिथेच दिला होता. नागपूरला जागा नव्हती, म्हणून तो पाटण्याचा होता. आपण पडल्याचे कळताच मागे घेतला.

हे सुमनला कळवू नये.

सावळीराम